सरखेल कान्होजी आंगरे : शत्रूच्या दप्तरांतील पत्रें

मुंबईच्या कोटांत, टाउन हॉलच्या पाठीमागें, जुन्या बाँबे कॅसलचा उरलासुरला भाग अजून उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईंतील कारभार एके काळीं येथून चाले आणि आरमारी मोहिमांचे हुकूम येथूनच सुटत. आज ती जागा भारतीय नौदलाच्या ताब्यांत असून १५ सप्टेंबर १९५१ पासून तेथील ठाण्याचें नांव ‘आंगरे’ असें आहे. ज्या माणसाला बुडविण्यासाठीं ह्या तटाआड वर्षानुवर्षें खलबतें झालीं, त्याचेंच नांव अखेरीस त्या तटाला मिळालें.

पण पाटी बदलली म्हणजे खटला मिटला असें होत नाहीं. इंग्रजी ग्रंथकारांनीं कान्होजी आंगरे ह्यास पुष्कळ काळपर्यंत ‘चांचा’ म्हणूनच ओळखलें. कर्नल बिडल्फ ह्यांनीं १९०७ सालीं त्या काळावर जें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवांतच ‘मलबारचे चांचे’ हे शब्द आहेत. उलट मराठी मुलखांत तोच पुरुष ‘सरखेल’, म्हणजे राज्याच्या आरमाराचा मुख्य अधिकारी. एकाच माणसाविषयींचीं हीं दोन मतें सारखींच खरीं असूं शकत नाहींत. निवाडा करावयाचा तर कागद पाहिले पाहिजेत. आणि कागद पाहूं लागलें कीं एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते.

हल्लींचा एखादा नौदल अधिकारी निवृत्त झाला म्हणजे त्याच्या घरीं रोजनिशा, हुकुमांच्या नकला, मित्रांचीं पत्रें, छायाचित्रें अशी एखादी पेटी निघते. कान्होजीचे कागद अशा एका पेटींत नाहींत. कांहीं पुण्याच्या पेशवे दप्तरांत, कांहीं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत, कांहीं पणजीच्या दप्तरखान्यांत, कांहीं मुंबई सरकारच्या जुन्या वह्यांत आणि कांहीं थेट लंडनला असे ते विखुरले आहेत. त्यांतहि त्याचें मन उघड करणारीं कांहीं महत्त्वाचीं पत्रें त्याच्या शत्रूंनीं जपून ठेविलेलीं आहेत. इंग्रज गव्हर्नराकडे त्याचें पत्र आलें कीं तें भाषांतरित करून कौन्सिलापुढें ठेवीत व वहींत उतरून घेत. मूळ कागद गेला, भाषांतर उरलें. म्हणून कोकणच्या ह्या मराठ्याचें बोलणें ऐकावयास आज पुष्कळदां इंग्रजींतूनच ऐकावें लागतें!

त्याची हकीकत थोडक्यांत अशी. घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी ह्या गांवावरून आंगरे हें नांव पडलें. बाप तुकोजी हा शिवाजी महाराजांच्या आरमारांत चाकरीस होता. कान्होजीचें नांव प्रथम गाजलें तें सुवर्णदुर्गावर. औरंगजेबाच्या फौजा कोकणांत उतरल्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीनें किल्ल्यास वेढा घातला, तेव्हां किल्लेदार अचलोजी मोहिते हा किल्ला शत्रूच्या हातीं देण्याच्या बेतांत होता. कान्होजीनें त्यास कैद करून स्वतः किल्ला लढविला. एकदां छाप्यांत शत्रूच्या हातीं सांपडला असतां तेथून निसटून पोहत परत आला, अशी आंगऱ्यांच्या घराण्यांत चालत आलेली कथा आहे. पुढें १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर हा आरमाराचा अधिकारी वारल्यावर ती जागा कान्होजीकडे आली व तो सरखेल झाला. कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हीं त्याचीं मोठीं ठाणीं. आणि मुंबईच्या तोंडावरचें खांदेरी बेट हा इंग्रजांच्या डोळ्यांत सदैव सलणारा कांटा.

ह्यानंतरचीं दहा-बारा वर्षें मराठी राज्याच्या दुफळीचीं. शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले, ताराबाईंनीं त्यांचा हक्क नाकारला, आणि कान्होजी ताराबाईंच्या बाजूस राहिला. त्याच्यावर शाहूंनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांस धाडलें, तर कान्होजीनें खुद्द पेशव्यासच कैद केलें आणि लोहगड घेतला. कोणत्याहि राज्यांत आरमाराच्या अधिकाऱ्यानें मुख्य प्रधानाला धरून ठेवावें ही गोष्ट लहान नव्हे, आणि त्याच्या चरित्रकारांनीं ती हंसून सोडून द्यावी अशीहि नव्हे. हें प्रकरण मिटविण्यास निघाला तो बाळाजी विश्वनाथ. तो मूळचा श्रीवर्धनचा, म्हणजे सिद्दीच्या जाचाला कंटाळून घाटावर आलेला कोकणस्थ. आंगऱ्याशीं बोलावयाचें कसें हें त्याला ठाऊक होतें. १७१३ च्या नोव्हेंबरांत त्यास पेशवेपद मिळालें, आणि १७१४ च्या आरंभीं तह झाला. बहिरोपंत सुटला. दहा मोठे व सोळा लहान किल्ले आणि सरखेलीचें पद कान्होजीकडे कायम झालें. त्यानें शाहूंस धनी मानलें. पुढें त्याच्या मुद्रेंत शाहू नृपतीच्या कृपेचा उल्लेख दिसतो. मुद्रा म्हणजे शोभेची वस्तु नव्हे. आपण कोणाच्या वतीनें लिहितों तें सांगणारी ती खूण आहे. चांच्याला मुद्रा नसते, कारण त्याला धनी नसतो.

आतां इंग्रजांशीं त्याचा जो तंटा झाला, त्याचें मूळ समजून घेतल्याशिवाय पुढचीं पत्रें कळावयाचीं नाहींत. नगर जिल्ह्यांत शनिशिंगणापूर म्हणून गांव आहे. तेथें घरांना दारें व कुलपें न लावण्याची चाल प्रसिद्ध आहे. त्या गांवच्या भोळ्या माणसाला समुद्रावरचा रिवाज ऐकून नवल वाटेल, कारण तेथें सगळाच व्यवहार परवान्याचा. देशावर गाड्या नाक्यावरून जातांना जकात भरून दस्तक घेतात, तसाच प्रकार पाण्यावर होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकांत आले, आणि समुद्र आपल्या राजाचा असें ठरवून त्यांनीं इतरांच्या जहाजांवर ‘कार्ताझ’ नांवाच्या परवान्याची सक्ती केली. परवाना नाहीं, तर जहाज जप्त. ह्याला पोर्तुगालांत कोणी चांचेगिरी म्हणत नसे. तो राजाचा अधिकार होता. इंग्रजहि पुढें आपले परवाने देऊं लागले. शिवाजी महाराजांनीं आरमार उभारलें, तेव्हां कोकणचा किनारा ज्याचा, त्याच्या पाण्यावर हुकूम त्याचा, हेंच तत्त्व त्यांनीं स्वीकारलें. कान्होजी तेंच पुढें चालवीत होता. मुंबईच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यानें आपलें दस्तक घ्यावें. न घेईल त्याचें तारूं आपण धरूं. गुराबा व गलबतें घेऊन त्याचे कोळी, भंडारी, गाबीत खलाशी ह्याच कामावर फिरत. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत हलकें, शिडानें व वल्ह्यांनीं दोहोंनीं चालणारें. वारा पडला कीं इंग्रजांचीं मोठीं जहाजें जागच्या जागीं थिजत, आणि गलबतें वल्हीं मारीत त्यांच्या पिछाडीस येऊन भिडत.

१७१२ च्या नोव्हेंबरांत कान्होजीच्या आरमारानें ‘अ‍ॅन’ नांवाची गव्हर्नर एस्लाबी ह्याची नौका धरली. तीवर कारवारच्या वखारीचा नवा मुख्य चौन हा आपल्या बायकोसह प्रवास करीत होता. लढाईंत तो तोफेच्या गोळ्यानें मारला गेला आणि त्याची तरुण विधवा कुलाब्यास कैदेंत पडली. तीस हजार रुपये खंड घेऊन १७१३ च्या फेब्रुवारींत तिला सोडण्यांत आलें. हें प्रकरण इंग्रज लेखकांनीं फार रंगवून सांगितलें आहे, आणि तें त्यांनीं सांगावें हें ठीकच आहे. एका अनाथ झालेल्या बाईला अडकवून पैका घेणें ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे. परंतु त्या काळीं युद्धकैद्यांच्या सुटकेसाठीं खंडणी घेण्याचा प्रघात समुद्रावर काय, जमिनीवर काय, सर्वत्र होता एवढें मात्र विसरूं नये. कान्होजीला ह्यापासून हवें होतें तें त्याला मिळालें. इंग्रजांनीं त्याच्याशीं तह केला. कंपनीच्या निशाणाखालील जहाजांना आंगऱ्यांनीं त्रास देऊं नये, इंग्रज जहाजांनीं त्याच्या बंदरांत जकात देऊन खुशाल यावें, अशा त्याच्या अटी होत्या. तह करणें म्हणजे समोरच्या माणसाला सत्ताधीश मानणें. एका हातानें तहावर सही करून दुसऱ्या हातानें त्यालाच चांचा म्हणावयाचें, हा तर्कशास्त्रांतला मोठा मौजेचा प्रकार आहे.

तंटा पुन्हा पेटला तो ‘कंपनीचें जहाज’ ह्या दोन शब्दांच्या अर्थावरून. मुंबई-सुरतेचे हिंदी व्यापारी कंपनीच्या माणसांशीं संधान बांधून आपला माल इंग्रज निशाणाखालीं नेऊं लागले. जकात चुके, दस्तक चुके, आणि निशाण वापरूं दिल्याबद्दल कंपनीच्या नोकरांच्या खिशांतहि कांहीं पडे. १७१७ सालीं कान्होजीनें ‘सक्सेस’ नांवाचें असें एक जहाज धरलें. तें सुरतेच्या दलालाचें होतें. नवा गव्हर्नर चार्ल्स बून खवळला. निशाण इंग्रजांचें, सबब जहाज इंग्रजांचें, असा त्याचा दावा. कान्होजीचें म्हणणें असें कीं, तह कंपनीशीं झाला आहे, दलालाशीं नव्हे. कंपनीचा माल असेल तो कंपनीनें दाखवावा. ह्या पत्रव्यवहारांत हा ‘चांचा’ एखाद्या कसलेल्या वकिलाप्रमाणें तहाच्या शब्दांचा कीस पाडतो, आणि गव्हर्नर मात्र रागावर येतो. ज्यानें लुटीवरच जगावयाचें ठरविलें आहे तो कलमें काढून वाद कशाला घालील?

बूनला शब्दांपेक्षां तोफांवर भरंवसा अधिक. त्यानें मुंबईस तट घातला, लढाऊ जहाजें बांधलीं आणि एकामागून एक मोहिमा काढल्या. १७१७ त विजयदुर्गावरची फसली. १७१८ च्या नोव्हेंबरांत खांदेरीवर मोठा हल्ला झाला, तोहि वायां गेला. १७२० त ‘फ्रॅम’ नांवाची तरंगती तोफखाना-नाव मोठ्या खर्चानें बांधून विजयदुर्गावर नेली. ती त्या खडकाळ किल्ल्यापुढें कुचकामी ठरली. ह्या मोहिमांत स्वतः हजर असलेल्या क्लेमेंट डाऊनिंग नांवाच्या खलाशानें १७३७ सालीं लंडनला पुस्तक छापलें. आंगऱ्यांच्या घराण्याची त्यानें दिलेली हकीकत मराठी कागदांशीं जुळत नाहीं, पण आपल्या लोकांच्या फजितीचें त्याचें वर्णन मात्र निर्भीड आहे. १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनीं एकत्र होऊन कुलाब्यावर स्वारी केली. इंग्लंडच्या राजाच्या आरमारांतील चार जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज मदतीस आला. गोव्याचा व्हाइसरॉय जातीनें आला. इकडे बाजीराव पेशव्याची फौज कान्होजीच्या साह्यास उतरली. हल्ला मोडला, मॅथ्यूजच्या मांडींत एका स्वाराचा भाला घुसला, आणि १७२२ च्या जानेवारींत पोर्तुगिजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह करून इंग्रजांस एकटें सोडलें. १७२४ त वलंदेजांनीं विजयदुर्गावर नशीब अजमावून पाहिलें, त्यांचीहि तीच गत झाली. ज्या पेशवाईच्या आधींच्या पेशव्यास कान्होजीनें कोंडलें होतें, तीच आठ वर्षांत त्याच्या पाठीशीं उभी राहिली, ह्यांत बाळाजी विश्वनाथाच्या त्या एका तहाचें मोल दिसून येतें.

लढाया ह्या अशा झाल्या. त्या सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या तपशिलांत अधिक शिरण्याचें कारण नाहीं. कान्होजी कोण होता हें समजण्यास त्यांहून अधिक उपयोगी असें त्याचें एक पत्र आहे. बून विलायतेस गेल्यावर विल्यम फिप्स मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्याशीं १७२४ च्या सुमारास कान्होजीनें सलोख्याची बोलणी सुरू केली. फिप्सनें उत्तरादाखल जुन्या तक्रारींचा पाढा वाचला : तुमचें राज्य जबरदस्तीवर आणि समुद्रावरच्या लुटीवर चालतें, परक्याच्या मालावर तुमचा डोळा असतो, वगैरे. ह्यावर कान्होजीनें जें उत्तर धाडलें तें इंग्रजी भाषांतराच्या रूपानें राहिलें आहे.

त्याचा मतलब असा कीं, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ म्हणाल तर तो व्यापाऱ्यांनाहि सुटलेला दिसत नाहीं. जगाची राहाटीच तशी आहे. ईश्वर कोणाला आपल्या हातानें थेट कांहीं देत नाहीं. एकाचें काढून दुसऱ्यास देतो. हें बरोबर कीं चूक, तें कोण ठरविणार? आमचें राज्य जुलमावर उभें आहे असें म्हणणें निदान व्यापाऱ्यांना तरी शोभत नाहीं. शिवाजी महाराजांनीं चार पातशहांशीं झुंजून हें राज्य स्थापिलें. आमचा आरंभ तेथून आहे.

हें उत्तर नीट तपासून पाहिलें म्हणजे त्यांत दोन वेगळे धागे दिसतात. पहिला धागा जवळजवळ विरक्त माणसाचा आहे. कीर्तनांत ऐकलेलें ज्ञान त्यानें गव्हर्नराच्या पदरीं घातलें आहे, आणि त्यांत मिस्किलपणाहि आहे. दुसरा धागा राजकारणाचा आहे. तुम्ही व्यापारी, आम्ही राज्य, हा फरक तो ठासून सांगतो. कंपनी ही मुळांत कांहीं भागीदारांनीं मिळून काढलेली पेढी. तिनें किल्ले बांधावेत, तोफा ओताव्यात, परवाने काढावेत आणि छत्रपतींच्या सरखेलास न्यायनीति शिकवावी, हें त्याला चमत्कारिक वाटे. पुढें शंभर वर्षांच्या आंत ही पेढीच हिंदुस्थानची धनीण झाली, तेव्हां हा चमत्कारिकपणा कोणाला जाणवेनासा झाला. कान्होजीला तो वेळींच जाणवला होता. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. फिप्सच्या आरोपांतील एकेका जहाजाचा जाब ह्या उत्तरांत नाहीं. ‘तुम्हीहि तसेच’ हें उत्तर बिनतोड असलें तरी तें सफाई नव्हे. ज्या गरीब व्यापाऱ्याचें तारूं दोन सत्तांच्या दोन परवान्यांच्या कचाट्यांत सांपडलें, त्याला गव्हर्नराचा तर्क आणि सरखेलाचा तर्क सारखाच महागांत पडला असला पाहिजे.

ज्या पत्रांना खरोखर घरगुती म्हणतां येईल तीं ब्रह्मेंद्रस्वामींच्या दप्तरांत आहेत. सातारचे दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांनीं १९०० सालीं स्वामींचें चरित्र व पत्रव्यवहार छापला, तेव्हां तीं लोकांपुढें आलीं. स्वामी त्या वेळीं चिपळुणाजवळ परशुराम क्षेत्रीं राहत, आणि आंगऱ्यांचें सगळें घर त्यांस गुरु मानी. तिकडे सिद्दी सातहि त्यांचा आदर ठेवी. सावनूरच्या नबाबाकडून सिद्दीसाठीं एक हत्ती यावयाचा होता. तो स्वामींच्या मार्फत येत असतां वाटेंत आंगऱ्यांच्या माणसांनीं अडवून नेला. सिद्दीला वाटलें, स्वामींनींच दगा केला. त्यानें १७२७ सालीं शिवरात्रीच्या सुमारास परशुरामाचें देऊळ उद्ध्वस्त केलें. एका हत्तीपायीं एक क्षेत्र उजाड झालें! कोकणांतून उठून घाटावर जाण्याचा स्वामींचा निश्चय झाला. आपण जाऊं नये म्हणून कान्होजीनें त्यांस विनविलें, पण ते ऐकेनात, आणि साताऱ्याजवळ धावडशीस जाऊन राहिले. गव्हर्नराशीं कलमावर कलम ठेवून वाद घालणारा सरखेल येथें हात जोडलेला दिसतो. ह्याच दप्तरांत त्याच्या घरांतल्या बायकांचीं व मुलांचींहि पत्रें आहेत. आरमारी अधिकाऱ्याच्या घरीं माणसें कशीं बोलत, कशाची चिंता करीत, गुरूपाशीं कोणतें गाऱ्हाणें नेत, हें जाणण्यास ह्याहून चांगलें साधन नाहीं. इंग्रजी वह्यांत ह्यांतलें कांहींहि मिळावयाचें नाहीं.

१७२९ सालीं कान्होजी वारला. अलिबागेस त्याची समाधि आहे. मुलांमध्यें कलह माजला, घराणें कुलाबा आणि विजयदुर्ग असें दुभंगलें, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह ह्यांनीं विजयदुर्गाच्या खाडींत तुळाजी आंगऱ्याचें आरमार जाळलें. त्या मोहिमेंत पेशवे इंग्रजांच्या बाजूनें होते, हें लिहितांना लेखणी अडखळते. कुलाब्याची शाखा १८४० पर्यंत टिकली. शेवटचा वारस लहानपणींच वारला, दत्तकाची मागणी नाकारण्यांत आली व संस्थान कंपनीनें खालसा केलें. त्यापुढचें काम संशोधकांचें. अलिबागेचे दा. गो. ढबू ह्यांनीं १९३९ सालीं ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा ग्रंथ लिहिला, डॉ. सुरेंद्रनाथ सेन ह्यांनीं १९४१ त कलकत्त्याहून कान्होजीच्या पूर्वायुष्यावर लेखसंग्रह काढला. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनीं पणजीच्या दप्तरांतील शेजारी राजांच्या पत्रव्यवहाराच्या पोर्तुगीज वह्या उलगडल्या. मनोहर माळगांवकर ह्यांनीं १९५९ त इंग्रजींत चरित्र लिहून जुन्या ‘चांचा’ शब्दाला उत्तर दिलें. बंगाली, गोमंतकीय, कोंकणी, अशा भिन्नभिन्न प्रांतींच्या विद्वानांनीं हें काम वांटून घेतलें, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि शत्रूच्या दप्तरावर विसंबून चालावयाचें तर त्या दप्तरांत काय काय शिरूं शकतें, हेंहि ध्यानीं ठेविलें पाहिजे. ह्यास कान्होजीच्याच नांवानें घडलेला एक दाखला आहे, आणि तो फार करुण आहे.

मुंबईंत रामा कामती नांवाचा सारस्वत व्यापारी होता. कंपनीचा जुना विश्वासू माणूस. भंडाऱ्यांच्या शिबंदीचा नायक. धनवान आणि दानशूर. १७१५ सालीं त्यानें वाळकेश्वरचें देऊळ पुन्हा बांधविलें. १७१८ च्या नाताळांत इंग्रजांनीं कोटांतलें आपलें नवें देवालय, म्हणजे हल्लींचें सेंट थॉमसचें देवालय, उघडलें, तेव्हां रामा कामती आपल्या जातवाल्यांसह तेथें आला आणि उपासना संपेपर्यंत बाहेर उभा राहून कौतुकानें पाहत होता, असें त्या वेळच्या पाद्र्यानें लिहून ठेविलें आहे. ह्या सोहळ्याच्या महिनाभर आधींच खांदेरीवर इंग्रजांचा बोजवारा उडाला होता. एवढी तयारी करून हार झाली, तेव्हां कोणीतरी आंतून फितूर असलाच पाहिजे, असें बूनच्या मंडळींच्या मनानें घेतलें. आपल्या चुका शोधण्यापेक्षां फितूर शोधणें केव्हांहि सोपें.

१७२० सालीं रामा कामतीस धरण्यांत आलें. आरोप असा कीं, त्यानें कान्होजी आंगऱ्याशीं गुप्त पत्रव्यवहार करून मोहिमेची बातमी फोडली. पुरावा म्हणून त्याच्या शिक्क्याचें एक पत्र पुढें आलें. त्याच्या कारकुनाचे आंगठे लोखंडी चापांत आवळून जबानी घेण्यांत आली. कोणी काय ऐकलें, कोणाला कोणी काय सांगितलें, असल्या ऐकीव साक्षी झाल्या. गव्हर्नरच फिर्यादीसारखा आणि त्याचेंच कौन्सिल न्यायासनावर. रामा कामतीस जन्मठेप झाली व त्याची सर्व मालमत्ता जप्त करून विकण्यांत आली. ज्या कान्होजीच्या खऱ्या पत्रांतील तहाचें कलम गव्हर्नरानें मानलें नाहीं, त्याच कान्होजीच्या नांवानें पुढें आलेलें खोटें पत्र त्यानें एका दमांत खरें मानलें.

रामा कामती आठ वर्षें कैदेंत होता. १७२८ सालीं तो तुरुंगांतच मेला. त्यानंतर एका वर्षानें कान्होजीहि गेला. त्या खटल्यांतील पत्रें बनावट होतीं आणि त्यांवरचे शिक्केहि खोटे पाडलेले होते, ही गोष्ट उघडकीस आली ती पुष्कळ मागाहून.